माशी बांधणारे हात आणि आपली नदी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावाहून कोणी विदुषी बोलवावी आणि आपण सर्वांनी ऐकावे, ही आपली रीत. यंदा चिटणीसबाईंच्या मनात आले की घरच्याच एकीने बोलावे, आणि ते काम माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण वाचनाची आवड आहे, आणि इंग्रजी पुस्तकातले अडले तर भाचा अर्थ सांगतो. त्या भांडवलावर मी आज बोलणार आहे.

विषय ऐकून परवा हळदीकुंकवाला दोघीतिघी हसल्या. "अहो, तुमचे सासरे माळकरी, घरात मासळीचा वास नाही, आणि तुम्ही मासे धरण्यावर बोलणार?" असे त्यांचे म्हणणे. त्यांचे खरे आहे. माशाच्या कालवणाचे मला काही कळत नाही. पण मी कालवणावर बोलणार नाही. मागच्या सभेत एक सूचना आली होती, वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळाच्या पैशातून नदीत मत्स्यबीज सोडावे. सूचनेला टाळ्याही पडल्या. सूचना आणणाऱ्या बाईंचा हेतू चांगला आहे, नदीवर त्यांची माया आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी मला त्या सूचनेच्या विरुद्ध बोलायचे आहे, आणि ते का, हे सांगायला थोडे लांबून यावे लागेल. मंडळींनी धीर धरावा.

टेबलावर ताटलीत तीन लहान वस्तू ठेवल्या आहेत. लांबून पाहिले तर किडे वाटतील. त्या माश्या आहेत, पण खऱ्या नव्हेत. गळावर पिसे आणि तार गुंडाळून केलेल्या. इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका इकडे गळाने मासे धरण्याचा एक प्रकार आहे, त्यात गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. अशी खोटी माशी लावतात. ती इतकी हलकी असते की दगडासारखी फेकता येत नाही. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार करतात, काठी डोक्यावरून मागे-पुढे हलवून दोरी हवेत खेळवतात आणि माशी अलगद पाण्यावर टेकवतात. माशाला वाटले पाहिजे की वरून एक किडा पडला, किंवा खालून एक किडा पोहत वर आला. मासा फसला तर फसला. नाही फसला तर माणूस दिवसभर पाण्यात उभा राहून हात हलवीत घरी येतो. यात कसली मजा, असे आपल्याला वाटेल. पण या छंदाची माणसे वेडी असतात.

आता ही माशी बांधतात कशी, ते ऐका, कारण ते आपल्या हातचे काम आहे. गळ लहानशा शेगड्यात घट्ट धरायचा. त्यावर बारीक दोरा जवळजवळ वेटोळे देत न्यायचा, एकावर एक चढू द्यायचा नाही. मागे पिसाचे तीन-चार तंतू शेपटीसारखे बसवायचे. मग त्याच पिसाचे तंतू तारेबरोबर पिळून अंगावर गुंडाळायचे, खांद्याशी जाड, शेपटीशी निमुळते. पाण्यावर तरंगणारी माशी हवी असेल तर कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गळ्याभोवती फिरवायचे, म्हणजे पाय झाल्यासारखे दिसतात. शेवटी गाठ. ज्या बाईने फुलवाती वळल्या आहेत, गोधडीला धावदोरा घातला आहे, तिला यात अवघड काही नाही. लागते ती नजर आणि सबुरी.

हे काम स्त्रियांनीही पूर्वीपासून केले आहे. गळाच्या खेळावरचे जुने इंग्रजी पुस्तक १४९६ साली छापले गेले, त्यात बारा माश्यांची कृती दिली आहे. ते पुस्तक परंपरेने ज्युलियाना बर्नर्स नावाच्या बाईंच्या नावावर सांगितले जाते. पण मला अधिक भावल्या त्या मेगन बॉइड. या १९१५ साली जन्मल्या, लहानपणीच स्कॉटलंडात आल्या. वडील नदीवर राखणदार होते. बारा वर्षांच्या असताना एका राखणदाराकडून त्या माश्या बांधायला शिकल्या, आणि पुढे सारा जन्म ब्रोरा गावाजवळच्या एका लहान घरात खिडकीशी टेबल मांडून त्यांनी हेच काम केले. घरात बरीच वर्षे वीज नव्हती. लग्न केले नाही. पोशाख म्हणावा तर वर पुरुषी कोट आणि टाय, खाली घागरा. सामन माशासाठी त्या ज्या माश्या बांधीत, त्या इतक्या सुबक की मोठमोठे लोक त्यांच्याकडे मागणी नोंदवून वाट पाहत बसत. १९७१ साली इंग्लंडच्या राणीकडून त्यांना पदक जाहीर झाले. बाईंनी कळवले, मला लंडनला यायला जमणार नाही, माझ्या कुत्र्याकडे पाहायला कोणी नाही! अशी ही बाई. आणि गंमत पुढेच आहे. जन्मभर माश्या बांधल्या, पण त्यांनी स्वतः कधी गळ टाकला नाही. मासा मारण्याची कल्पनाच त्यांना सोसत नसे. पुढे दृष्टी अधू झाली तेव्हा काम थांबले. २००१ साली त्या वारल्या. आमच्या घरातल्या माळकऱ्यांना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा कुठे ताटलीतल्या माश्यांना घरात थारा मिळाला.

दुसरे गृहस्थ फ्रँक सॉयर. माझे आजचे सगळे बोलणे त्यांच्यावरून सुचले आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

सॉयर यांचा जन्म १९०६ सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेकडे एव्हन नदीच्या काठी. खेड्यातला मुलगा. १९२८ पासून लष्करी अधिकाऱ्यांच्या एका मासेमारी मंडळाने त्यांना नदीचे राखणदार नेमले. सहा-एक मैलांचा नदीचा तुकडा सांभाळायचा, ही नोकरी. आपल्याकडे पाटकरी असतो, तसे समजा. पण यांनी केवळ पाणी नाही सांभाळले, पाण्यातला जीव न् जीव पाहिला. तासन्‌तास काठावर पालथे पडून हा माणूस पाण्यात बघत बसे. माशी अंडी कुठे घालते, तिचे पिल्लू दगडाखाली किती दिवस राहते, वर येताना कसे पोहते, हे सगळे त्याने डोळ्यांनी पाहिले. शाळेत शिकवलेले ज्ञान नव्हे ते.

त्या पाहण्यातून त्यांची प्रसिद्ध माशी निघाली. तिचे साहित्य दोनच, फेजंट नावाच्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचे शेपटीचे पीस आणि तांब्याची बारीक तार. दोरा नाही. तारेनेच गुंडाळायचे, म्हणजे वजन येते, माशी बुडते, आणि आतून तांबूस झाक मारते. त्या माशीला पाय केलेले नाहीत. इतर लोक हौसेने पाय करीत. सॉयर म्हणत, पोहताना हा किडा पाय अंगाशी आवळून घेतो, मग पाय दाखवायचे कशाला? पाहणाऱ्याची आणि नुसत्या कलाकुसर करणाऱ्याची ही तफावत.

त्यांची दुसरी एक माशी होती, ती मोजे रफू करण्याच्या लोकरीची. चॅडविक कंपनीची, ४७७ नंबरची लोकर. पाण्यात भिजली की तिचा रंग नदीतल्या कोळंबीसारखा बारीक जिवाच्या रंगाशी जुळे. पुढे ती लोकर निघायची बंद झाली, आणि घराघरांतल्या शिवणाच्या डब्यातली उरलीसुरली कार्डे गळाच्या शौकिनांनी भारी किमती देऊन घेतली. तेव्हा भगिनींनो, शिवणाचा डबा आवरताना जुनी लोकर टाकू नका! सॉयर यांच्या पत्नी मार्गारेट यादेखील माश्या बांधीत. घरचा उद्योगच झाला तो.

मी ताटलीत ठेवलेल्या माश्या त्यांच्याच पद्धतीच्या आहेत. तार आमच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीची; वाइंडिंगवाल्याने उकलून टाकलेल्या गुंडाळीतली हातभर मागून घेतली. पीस शेजारच्या कोंबड्याचे. गळ भोईआळीतून आणले.

पण मला माश्यांपेक्षा मोलाचे वाटले ते त्यांचे नदीचे काम. त्यांच्या नदीचे पाणी मंदावले होते, जुन्या पाणचक्क्या आणि पाट मोडकळीस आले होते, तळाशी काळा चिखल साचत होता. चिखल साचला की दगड झाकतात, दगड झाकले की किडे जातात, किडे गेले की मासे जातात. ट्राउट माशाला अंडी घालायला स्वच्छ वाळू-खडी लागते, चिखलात अंडी गुदमरतात. सॉयर यांनी ट्राउटची पिल्लेही वाढवली. परंतु चिखल हाच त्यांना मुख्य शत्रू वाटे. त्यांनी तो उपसला, कोंडलेल्या पाण्याला वाट करून दिली, पुढे तर तळातला चिखल कुजून जावा म्हणून खडूच्या दगडाची पूड टाकूनही पाहिली. माशी बांधणाऱ्याला नदी राखावीच लागते, कारण ज्या किड्याची नक्कल तो करतो तो किडाच नाहीसा झाला तर नक्कल कोणाला दाखवायची?

हे सगळे त्यांनी लिहून ठेवले, १९५२ साली एक पुस्तक, १९५८ साली दुसरे. खेड्यातल्या राखणदाराला लिहायला कोणी लावले म्हणाल, तर सर ग्रिमवुड मिअर्स यांनी. हे आपल्याकडे अलाहाबादच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. निवृत्त होऊन मायदेशी गेले, त्या नदीवर मासे धरायला येऊ लागले आणि या राखणदाराच्या ज्ञानापुढे शिष्यासारखे बसले. दोघांनी मिळून किड्यांचा अभ्यास केला, आणि तुम्ही लिहाच, असा आग्रह धरला. पुढे देशोदेशीचे लोक सॉयर यांच्याकडे शिकायला येत. १९८० साली त्याच नदीच्या काठावर त्यांना मरण आले.

आता इंग्लंडची एव्हन सोडून आपल्या नदीवर येते.

बाहेर कोणाला "रांजणगाव" म्हटले की लगेच विचारतात, "गणपतीचे का?" आपण म्हणतो, "नाही, सांडसाचे." महागणपतीमुळे ते रांजणगाव जगाला माहीत आहे. पण आपल्या गावापाशीही एक मोठी गोष्ट आहे. पुण्याहून येणारी मुळामुठा इथे भीमेला मिळते. पलीकडे दौंड तालुका, अलीकडे आपला शिरूर. आणि या मुळामुठेचे नाव माशांच्या शास्त्रात कायमचे लिहिलेले आहे, हे मला यंदाच कळले.

कर्नल साइक्स नावाचे एक इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत होते. १८२४ नंतरच्या काही वर्षांत त्यांनी दख्खन पायाखाली घातले; पिके, पक्षी, प्राणी, लोक सगळ्यांची टिपणे केली. दख्खनच्या नद्यांतल्या माशांचाही त्यांनी अभ्यास केला आणि १८३९ साली तो लंडनला प्रसिद्ध केला. त्यात पुष्कळ मासे असे होते की ज्यांना शास्त्रात नाव नव्हते. साइक्ससाहेबांनी एक चांगले केले. अनेक माशांना आपल्या भोयांच्या तोंडी जी नावे होती तीच थोडी इंग्रजी वळणाने दिली. कोळस, खुदरी ही नावे म्हणूनच जगभरच्या शास्त्राच्या पुस्तकांत गेली. त्यातली खुदरी म्हणजे आपला महाशीर. काही ठिकाणी त्याला खडशी म्हणतात. मोठे खवले, सोनेरी-निळसर अंग, पाण्याच्या धारेविरुद्ध चढणारा, हाताच्या पंज्याएवढ्या पिल्लापासून वाढत जाऊन मोठा होणारा. शास्त्रात या माशाचे मूळ ठिकाण काय लिहिले आहे? पुण्याच्या पूर्वेची मुळामुठा. म्हणजे जे पाणी आपल्या गावाला येते, तेच.

आमच्या सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा नदीचे पाणी कळशीने प्यायला आणीत, आणि उन्हाळ्यात संगमाखालच्या डोहात वर येणारे मोठे मासे काठावरून दिसत. त्यांना माशाचे नाव ठाऊक नाही. आज त्या पाण्याला काय झाले ते मी वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात फेस, वास, वर जलपर्णी, आणि पहिल्या पावसाला पांढरे पोट करून वर आलेले मासे. पुण्यासारख्या मोठ्या शहराचे सांडपाणी ज्या नदीत जाते तिच्या खालच्या अंगाला आपण राहतो. ते पाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या मदतीने मोठी योजना आखली गेली, २०१६ साली करार झाला. ते काम मोठ्यांचे आणि मोठ्या पैशाचे. आपल्या भोईआळीतल्या बायकांनी मात्र जाळी केव्हाच वळणीवर टाकली. आज त्या उसाच्या तोडीला जातात, कोणी बाहेरून आलेली चिलापी विकतात.

म्हणून मनात येते, नदीत मासे सोडा. सोपे आणि पुण्याचे काम. पण या सोडण्याची एक गोष्ट आहे, ती ऐकून मग मत द्या.

लोणावळ्याला वळवणचे धरण आहे, इंद्रायणीच्या उगमाकडे. तीच इंद्रायणी पुढे तुळापूरला भीमेला मिळते, म्हणजे पाणी आपलेच. या वळवणच्या तलावाजवळ १९७० च्या सुमारास एक महत्त्वाचे काम झाले. मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुदरी माशाची अंडी माणसाच्या हाताने फलवून त्यांची पिल्ले वाढवण्याचा प्रयोग यशस्वी केला. तोपर्यंत खुदरी अंडी कशी घालते, पिल्लू कसे वाढते, याची नीट माहिती नव्हती. पुढे टाटांच्या वीज कंपनीने तिथे मत्स्यबीज केंद्र चालवले, डॉ. ओगले यांच्यासारख्यांनी ते काम वाढवले, आणि लाखोंनी पिल्ले तयार होऊन तलावांत, नद्यांत, परराज्यांतही गेली. आपल्या पुणे जिल्ह्याच्या एका माशाला नाहीसे होण्यापासून वाचवणारे काम ते. त्याबद्दल दोन हात जोडावेत असेच आहे.

पण यातली काही पिल्ले कर्नाटकात कावेरी नदीला गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर उंच कुबड असलेला, अंगाने फार थोर. खुदरी तिथली नव्हे. ती तिथे रुजली, वाढली, आणि कुबडवाला मासा दिसेनासा होत गेला. हे कोणी शोधून काढले? तिथे गळाने मासे धरणारे शौकीन होते, मासा धरून, मापून, पुन्हा पाण्यात सोडणारे. त्यांनी कोणत्या दिवशी कोणता मासा किती वजनाचा लागला हे वर्षानुवर्षे वहीत लिहिले होते. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा दोन्ही माशांचे उलटसुलट झालेले दिसले. बाकी कारणेही असतील, वाळूउपसा, धरणे, सुरुंग लावून मासे मारणे. पण परका मासा हेही एक मोठे कारण. २०१८ साली कुबडवाल्या माशाचे शास्त्रीय नाव पक्के झाले, आणि त्याच वर्षी त्याची गणना अत्यंत संकटात सापडलेल्या जातींत झाली. त्याचे नाव रेमादेवी, आपल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यातल्या शास्त्रज्ञ बाईंच्या सन्मानार्थ ठेवलेले. एका बाईच्या नावाचा मासा, आणि तो आपल्याच जिल्ह्यातून चांगल्या हेतूने गेलेल्या माशामुळे धोक्यात! मला हे वाचून रात्री बराच वेळ झोप आली नाही.

मग आपण बाजारातून मत्स्यबीजाच्या पिशव्या आणणार, त्यात काय असेल? कटला, रोहू, सायप्रिनस असेल. कदाचित भेसळीत चिलापी. तो परदेशी मांगूर, ज्याला पाळण्याची सरकारने बंदी केली आहे, तोही चोरून विकला जातो म्हणतात. पिशवीतले बोटभर पिल्लू कोणाचे, हे ओळखणारी आपल्यात कोणी आहे का? आणि ओळखले तरी त्याला आपण सोडणार कुठे? ज्या पाण्यात पहिल्या पावसाला मोठे मासे मरून वर येतात त्यात?

तुम्ही म्हणाल, मग काय हातावर हात ठेवून बसायचे? नाही. इथे माशी बांधणारी माणसे पुन्हा उपयोगी पडतात.

इंग्लंडात २००७ पासून गळाच्या शौकिनांनी एक काम सुरू केले आहे. महिन्यातून एकदा ते आपापल्या नदीत ठरलेल्या जागी जातात. हातात जाळी धरून पायाने तळ तीन मिनिटे घुसळतात, दगड हालवतात, निघालेले किडे पांढऱ्या ताटात ओततात आणि मोजतात. आठ प्रकारचे किडे त्यांनी ठरवून घेतले आहेत. ज्या माश्यांची ते नक्कल बांधतात त्यांचीच बहुतेक ही पोरे. पाणी बिघडले तर आधी हे किडे जातात, मासे मागाहून. ठरलेल्या आकड्याखाली मोजणी गेली की ते सरकारी खात्याला कळवतात आणि खाते तपास करते. नदीची नाडी पाहण्याचाच प्रकार हा.

भाच्याने मला यातले चार-पाच जीव चित्रांवरून शिकवले. एक, ज्याला मागे तीन बारीक शेपट्या असतात. तो पाण्यात महिनोन्‌महिने राहतो, आणि पंख फुटून बाहेर आला की एखादा दिवस जगतो. दुसरा फार गमतीचा, अंगातून रेशमासारखा धागा काढून वाळूचे कण चिकटवतो आणि स्वतःभोवती नळीसारखे घर बांधून त्यात राहतो. हे दोन्ही असतील तर पाणी बरे समजावे. तिसरी लाल अळी, रक्तासारखी लाल. हिच्या अंगात आपल्या रक्तात असते तसेच लाल द्रव्य असते, त्यामुळे हवा कमी असलेल्या घाण पाण्यातही ती जगते. नुसत्या लाल अळ्याच सापडल्या तर पाण्याची अवस्था वाईट.

मार्गशीर्षात मी, भाचा आणि भोईआळीतल्या एक मावशी असे तिघे गेलो. जाळी म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, ताट म्हणून पांढरे घमेले. आधी वरच्या अंगाच्या ओढ्यात पाहिले. तिथे पाऊसपाण्याने अजून धार होती. तीन शेपट्यांचे अकरा सापडले, आणि वाळूच्या घरातले दोन. मावशींनी ते घर बोटावर घेतले आणि म्हणाल्या, "हे तर आम्ही लहानपणी खेळायचो, नदीत ढीग असायचे." मग संगमाखाली घाटाजवळ गेलो. तीन मिनिटे ढवळले. घमेल्यात काळा चिखल आला, वास आला, लाल अळ्या मोजता येईनात इतक्या, थोड्या गोगलगाई. शेपटीवाला एकही नाही. मावशी काही बोलल्या नाहीत. हात घरी येऊन दोनदा साबणाने धुतले, तुम्हीही गेलात तर धुवा.

आपल्या पूर्वजांना हे पाहणे नवीन नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास मानसोल्लास नावाचा ग्रंथ रचला, त्यात गळाने मासे धरण्याच्या विनोदावर एक प्रकरणच आहे. कोणता मासा कुठे राहतो, काय खातो, त्याला आधी काय खाऊ घालावे. महाडजवळ वाळणकोंडीला आणि वाड्याकडे तिळसे गावाला तर देवाचे मासे म्हणून महाशीर राखले आहेत. कोणी त्यांना धरत नाही, लोक चणे-कुरमुरे टाकतात. तिथे देवाने राखले, की पाणी स्वच्छ राहिले म्हणून देवाला राखता आले, हे मी ठरवत नाही.

माझी विनंती एवढीच. मत्स्यबीजासाठी ठेवलेले पैसे एक वर्ष तसेच ठेवावेत. त्यातून फक्त दोन पांढरी घमेली, जाळीचे कापड आणि एक जाड वही घ्यावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चौघी-पाच जणींनी ओढ्यात, संगमाच्या वर आणि घाटाखाली अशा तीन जागा पाहाव्यात, मोजावे आणि लिहावे. भोईआळीतल्या मावशींनी वाट दाखवायला यायचे कबूल केले आहे. त्यांची रोजंदारी बुडेल, ती मंडळाने द्यावी, असे मला वाटते. वर्षाअखेर वही ग्रामपंचायतीत आणि नदीचे पाहणाऱ्या सरकारी कचेरीत नेऊन दाखवू. घाटावर निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकणे तर आपल्या हातात आहे, त्याला वर्षभर थांबायला नको. आणि पुढच्या वर्धापनदिनी आकडे पाहून मासे सोडायचे की नाही, कोणते सोडायचे, ते ठरवू. त्या वेळी सूचना आणणाऱ्या बाईंनी पुन्हा ती मांडावी, मी पहिली पाठिंबा देईन, जर घाटाखाली एक जरी तीन शेपट्यांचा सापडला.

वही मी आणली आहे. पहिल्या पानावर मार्गशीर्षाचे दोन आकडे लिहिले आहेत, ओढा अकरा आणि घाट शून्य. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी मला नाव सांगावे. ताटलीतल्या माश्या सर्वांनी जवळून पाहाव्यात, पण मुलांच्या हाती देऊ नका, आतले गळ खरे आहेत आणि टोकदार आहेत.